बंदूक खाली कशी ठेवावी: तालुक्याच्या रेंजवर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

आमची नेमबाजीची रेंज म्हणजे एका जुन्या जिनिंगचं गोडाऊन. जिथे कापसाच्या गाठी रचायच्या तिथे आता दहा मीटरच्या सहा लेन आहेत. समोरच्या भिंतीला लोखंडी पत्रा, त्यापुढे छर्रे अडवणारे ट्रॅप, आणि वर कैच्यांवर अजून रुईचे तंतू लोंबतात. उन्हाळ्यात सकाळी सहाला उघडते आणि साडेनऊला बंद होते, कारण त्यानंतर टिनाखाली माणूस उभा राहू शकत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावाला बंदूक दोनच प्रकारची माहीत होती. एक पोलीस ठाण्यातली, दुसरी कोण्या पाटलाच्या घरची पीकसंरक्षणाची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ घेतलं आणि पुढच्या रविवारी आमच्या दारात अकरा पोट्टे उभे. त्यातले तिघे टिकले. गेलेल्या आठांपैकी निदान पाच जणांना नेमबाजीचा कंटाळा आला नव्हता. इथलं वागणं त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं, एकदा बोलणी बसली आणि ते परत आले नाहीत. म्हणून हे लिहून ठेवतोय.

नेम कसा धरायचा, श्वास कुठे थांबवायचा, ते कोच शिकवेल. मी सांगतोय ते रेंजवरच्या माणसांचं आणि रीतीभातीचं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पहिले पंधरा दिवस तुमचे गुण कोणी पाहत नाही. जुने लोक फक्त एवढंच पाहतात, की तुम्ही बंदूक खाली कशी ठेवता.

घरून निघायच्या आधी

इथे काय चालतं ते नीट समजून या. कुसाळेचं पदक ५० मीटर थ्री पोझिशनचं, ती पॉइंट टू-टूची रायफल आणि खरी काडतुसं. तालुक्याच्या ठिकाणी असते ती १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल. हवेच्या दाबावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो, त्याला सगळे पेलेट म्हणतात. बार उडाल्याचा आवाज नाही, धूर नाही. फट् होतं आणि समोरच्या कार्डाला भोक पडतं. सिनेमा डोक्यात घेऊन आलेल्यांचा हिरमोड इथेच होतो. त्यात पिस्तूल एका हातानं धरायचं, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी पिस्तूल धरून गुडघे वाकवणारा एक तरी असतोच. हसू नका, आपणही तेच केलं होतं.

दुसरा हमखास प्रश्न: "याच्यानं रानडुक्कर मरते का? रोही?" नाही मरत. आणि होला, तितर यांच्यावर एअर गन चालवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जंगलाला लागून गावं असलेल्या आपल्या भागात वनखातं ते हसण्यावारी नेत नाही. हा प्रश्न रेंजवर विचारला की समोरचा गप्प होतो आणि तुमच्या नावापुढे मनात एक फुली मारतो. चण्या-बोरांसारखे छर्रे खिशात घालून घरी नेणाऱ्यांच्या नावापुढे दोन.

परवान्याचं थोडक्यात: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर एअर गनला परवाना लागत नाही. तरी बिल आणि ओळखपत्र केसमध्येच ठेवा. एसटीत पिस्तूल कापडी पिशवीत खुपसून आणू नका. कंडक्टरला, शेजारच्या आजीला, नाक्यावरच्या शिपायाला ते पिस्तूलच दिसतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण ही पुढची गोष्ट. पहिले दोन-तीन महिने विकत काही घेऊ नका, रेंजच्या बंदुका असतात.

सपाट तळाचे बूट घाला, चप्पल नको. चष्मा असेल तो लावून या. नसेल तर साधा प्लॅस्टिकचा संरक्षक चष्मा मागून घ्या, कारण ट्रॅपच्या लोखंडी चौकटीवर बसलेल्या छर्ऱ्याचा कपचा कुठेही उडू शकतो. बस, एवढं पुरे.

दारातून आत

दार ढकलून सरळ आत घुसू नका. आमच्याकडे दारावर खडूनं लिहिलंय: "आवाज ऐका, मग या." फट्-फट् चालू असेल तर आत या, पण भिंतीला लागून मागच्या बाकावर बसा. रजिस्टरमध्ये नाव, वेळ, लेन लिहा. कोणी मान वर करून "या" म्हणणार नाही. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाण्याचा गडवा, मग विचारपूस. इथे तुम्ही आलात हे सगळ्यांना कळलेलं असतं, पण हातात बंदूक असलेला माणूस मागे वळून रामराम करत नाही. तो शिष्ट नाही. तो जर खरंच वळला, तर तुम्ही घाबरायला हवं.

थांबा. मालिका, म्हणजे दहा शॉट्सची फेरी, संपेल, बंदुका टेबलावर जातील, मग लोक मागे येतील आणि "काय गा, कोणत्या गावचा?" सुरू होईल. त्यानंतर गप्पा थांबवणं कठीण.

उभं कुठे राहायचं, तर नेमबाजाच्या पाठीमागे सरळ रेषेत, दोन-अडीच मीटर सोडून. त्याच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसाल असं कधीच नाही. पिस्तूलवाल्याची नजर पुढच्या साइटच्या, म्हणजे नळीवर नेम धरायला असते त्या काडीवर खिळलेली असते, समोरचं कार्ड त्याला मुद्दामच धुरकट दिसतं. अशा वेळी कडेला कोणी रुमाल झटकला तरी काडी हलते.

कोण कोण भेटेल

दर रेंजवर नावं वेगळी, माणसं तीच. मी नागपूरला, अमरावतीला गेलो तिथेही हीच मंडळी भेटली, फक्त बूट महागाचे.

पहिले हवालदारकाका. सैन्यातून निवृत्त. आमच्या बाजूला, पुलगावच्या आसपास तर घरटी एखादे सापडतात. लाइनवर, म्हणजे जिथे उभं राहून नेम धरतात तिथे, हुकूम त्यांचा. आवाज कधी चढत नाही, शब्द दुसऱ्यांदा येत नाही. त्यांनी "स्टॉप" म्हटलं आणि तुम्ही "एकच, एकच राहिला" म्हणत ट्रिगर दाबलात, तर त्या दिवसाचा तुमचा सराव संपला. वाद घालू नका. त्यांच्याशी मैत्री करायची असेल तर सराव संपल्यावर झाडू हातात घ्या.

दुसरे पीकसंरक्षणवाले काका. घरी बारा बोअरची दुनळी, परवाना वडिलांपासूनचा. त्यांच्या गोष्टीतलं रानडुक्कर दर वर्षी दहा किलोनं वाढतं. माणूस दिलदार, तुरीच्या शेंगांच्या दिवसांत पोतंभर शेंगा आणून उकडायला लावतो. पण सगळ्यात जास्त टोकावं लागलं ते त्यांनाच. बंदूक खांद्यावर टाकून चालायची तीस वर्षांची सवय. नवशिक्यापेक्षा अशा "मला येते ना बाप्पा" म्हणणाऱ्याला शिकवणं अवघड. गोष्ट ऐकायची तर त्यांना बाकावर घेऊन बसा, लाइनवर नाही.

तिसरे मेडिकलवाले. दर दोन महिन्यांनी नवी ग्रिप, नवा बूट, डोळ्यावरची नवी झापड. गुण तीन वर्षांपासून जिथल्या तिथे. टिंगल करायचा मोह आवरा. तुमच्या साइटचा स्क्रू ढिला होईल त्या दिवशी नेमकी मापाची ॲलन की अख्ख्या तालुक्यात त्यांच्याच डबीत असेल, आणि ते ती न कुरकुरता देतील. घेतलीत तर लगेच परत करा. एका किल्लीवरून आमच्याकडे दोन भले लोक चार महिने बोलत नव्हते.

मग भरतीची पोरं. पोलीस भरतीत धावणं, गोळाफेक, लेखी असतं, नेमबाजीचे गुण नसतात, हे त्यांना कोणीतरी लवकर सांगायला हवं. जोमात येतात, साठ छर्रे वीस मिनिटांत संपवतात. नियमाप्रमाणे कागदी कार्डांवर साठ शॉट्सना ९० मिनिटं असतात, आणि चांगला नेमबाज त्यातली बरीच मिनिटं बंदूक खाली ठेवून उभा असतो. हे ज्याला दिसलं तो पोरगा टिकतो.

एक कारणसम्राट असतोच. आज उजेड कमी होता. आज कूलरचा वारा कार्डावर येत होता. पेलेटचा हा डबा बेकार निघाला. पावसाळ्यात कार्डं नरम पडतात आणि भोकाच्या कडा फाटतात, हे कारण मात्र खरं आहे. बाकीच्यांवर फक्त "हो ना भाऊ" म्हणायचं. आणि त्याचं कार्ड स्वतःहून पाहायला जाऊ नका.

आणि शेवटी एक अशी असेल, जी कोणाच्या लक्षातच येत नाही. आमच्याकडे ती नववीत आहे. सायकलनं येते, कोपऱ्यातली सहा नंबरची लेन घेते, दोन तासांत चार वाक्यं बोलत नाही. सहाशेपैकी ५६० च्या वर मारते. नव्या माणसांना ती बंदूक पुसायला ठेवलेली कोणाची तरी पोरगी वाटते. एकानं तिला "बेटा, जरा बाजूला हो, मला दाखवू दे" म्हटलं होतं. तिनं नळीत फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी असल्याची खूण, घातला, पिस्तूल ठेवलं, दोन पावलं मागे सरली. त्यानं दाखवलं. कार्डावर दहापैकी चार छर्रे सापडले. कोणी हसलं नाही, तीही नाही. तिनं नवीन कार्ड लावलं आणि पुढे चालू.

सांगायचं इतकंच, की लाइनवर वय चालत नाही. बाहेर ती तुम्हाला "काका" म्हणेल, तुम्ही तिला "बाळ" म्हणा. पण तिनं "स्टॉप" ओरडलं तर सेवानिवृत्त फौजदारानंही थांबायचं. धोका दिसला तर "स्टॉप" ओरडायचा हक्क लाइनवरच्या प्रत्येकाचा. त्यात अहो-जाहो नसतं, रुसवा नसतो, "पोरगी मले सांगते" नसतं. आपल्या गावाकडे हेच सगळ्यात जड जातं, म्हणून जरा लांबवलं.

लाइनवर

आता मुद्द्याचं. हुकूम चार: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. मराठीत कोणी म्हणत नाही आणि म्हणायची गरज नाही. "लोड" ऐकेपर्यंत छर्रा बोटातसुद्धा धरायचा नाही. "स्टार्ट" आधी उडाला तर तो चुकून उडाला असं कोणी मानत नाही. "स्टॉप" झाल्यावर छर्रा आत राहिला असेल तर गुपचूप उडवून मोकळं व्हायचं नाही. नळी समोर ठेवून रिकामा हात वर करायचा आणि सांगायचं. ते परवानगी देतील, मग उडवा. नुसतं ड्राय फायर करायचं, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा, तरी लाइनवर आणि विचारूनच.

ट्रिगरचं गांभीर्य समजावं म्हणून दोन आकडे. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलला पाहिजे असा नियम आहे. रायफलला अशी किमान अटच नाही, तिथला ट्रिगर काडीचा धक्का लागल्यासारखा सुटतो. म्हणून नेम धरून तयार होईपर्यंत बोट बाहेर, लाकडावर सरळ.

आता ठेवणं. हे वाचून उपयोग नाही, घरी पेन घेऊन करून पाहा. शॉट झाला. बोट बाहेर. नळी कार्डाकडेच. लोडिंगची खाच उघडा आणि आत डोळ्यांनी पाहा, पितळ-पोलाद दिसतंय की शिसं. मग सेफ्टी फ्लॅग नळीतून घाला, पुढून टोक बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. फ्लॅग म्हणजे भडक नारिंगी दोरी, नळी पूर्ण रिकामी आहे हे लांबून दिसावं म्हणून. विकतची मिळते, पण आमच्याकडे सगळ्यांची गवत कापायच्या मशीनची नायलॉन तार आहे. कृषी केंद्रात मीटरवर मिळते, एका मीटरमध्ये दोघांचं भागतं. टोक चाकूनं तासून घ्या, नाहीतर आत अडकतं. फ्लॅग गेला की बंदूक टेबलावर, तोंड कार्डाकडे, हात वर घ्या, पाऊल मागे. मग खांदे सोडा, घाम पुसा, काय ते बोला.

हा सगळा प्रकार सहा-सात सेकंदांचा. जुन्या माणसाचा हात तो आपोआप करतो, जसा बैल सोडताना शेतकऱ्याचा हात जुवाची खीळ न बघता काढतो.

मी हे शिकलो त्याची हकीकत. पहिला महिना. छर्रा तिरपा बसला, खाच बंद होईना. मी पिस्तूल हातात घेऊनच मागे वळलो, "काका, हे पाहा ना, अडकलं." वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाकावरचे सगळे खाली वाकले होते. मेडिकलवाल्यांच्या हातातला चहा सांडला. हवालदारकाका दोन ढांगांत आले, माझं मनगट धरून पिस्तुलाचं तोंड पत्र्याकडे फिरवलं, छर्रा काढला, फ्लॅग घातला, ठेवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "सगळ्याइसाठी चहा सांगून ये. आन् आठ दिवस नुसता बसून पाय."

आठ दिवस मी बाकावर बसून लोकांचे हात पाहिले. शरमेनं पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागलं: कोण फ्लॅग आधी घालतो आणि खाच नंतर पाहतो, कोण ठेवलेल्या बंदुकीला निष्कारण परत हात लावतो, कोण रागावला की आपटून ठेवतो. नेमबाजी मी त्या बाकावर शिकलो म्हटलं तरी चालेल. तुमच्यावर अशी वेळ आली तर घरी जाऊ नका, बसा.

अडकलं, बिघडलं, हवा संपली, काहीही झालं तरी रीत एकच: तोंड समोर, दुसरा हात वर, जागेवर उभे. मदत तुमच्याकडे येईल.

कार्डं बदलायची आमची पुली हातानं फिरवायची आहे, त्यामुळे भारनियमनाचा तिला फरक पडत नाही. कधी दोरी निसटते आणि कोणाला तरी पुढे जावं लागतं. पुढे माणूस असताना टेबलावरच्या बंदुकीला कोणी स्पर्श करायचा नाही. साइट पुसायलासुद्धा नाही, केस बंद करायलासुद्धा नाही. हात मागे बांधून उभे राहा. हा नियम मोडणाऱ्याला आमच्याकडे दुसरी संधी मिळालेली मी पाहिलेली नाही.

दुसऱ्याची बंदूक, दुसऱ्याचं कार्ड

न विचारता कोणाच्या बंदुकीला हात नाही. दिली तर साइटचे स्क्रू फिरवायचे नाहीत, ग्रिप हलवायची नाही. काही जण स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवतात, ठिपका सरकला की त्यांना कळतं कोणी हात घातला. रेंजची पिस्तुलं चार जण वापरतात, तेव्हा आपल्या घामाची ग्रिप फडक्यानं पुसून पुढच्याला द्या. मे महिन्यात याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

कार्डाचं एक पथ्य. एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर. भोक रेषेला शिवलं तरी वरचा गुण मिळतो. शिवलं की नाही ते गेजनं ठरतं, म्हणजे भोकात घालायच्या मापाच्या खिट्टीनं. म्हणून भोकात बोट, पेन, काडी घालून "दहाच आहे ना हे" करू नका. कड मोडली की गेजला काही सांगता येत नाही. स्वतःच्याच कार्डावरही ही सवय नको.

आणि क्रॉस फायर. शेजारच्या लेनच्या कार्डावर छर्रा मारणं. हसू येतं, पण सगळ्यांकडून एकदा तरी होतं. झालं तर लगेच सांगा. सामन्यात तो तुमचा शून्य धरतात. ज्याच्या कार्डावर बसला त्याचं नुकसान होऊ नये म्हणून, कोणतं भोक त्याचं हे ठरत नसेल तर त्याला त्यातलं जास्त गुणांचं देतात. गप्प राहून शेजाऱ्याला दोन भोकांचा हिशोब लावत बसवणारा माणूस लोक विसरत नाहीत. मी एकदा शेजारच्या कार्डावर १० मारला होता. माझ्या स्वतःच्या कार्डावर त्या दिवशी एकही नव्हता.

सल्ला

न विचारता देऊ नका. विचारला तरी मालिका संपल्यावर द्या. नवीन माणसाला दोन आठवड्यांत कळतं की दुसऱ्याचा खांदा वर जातोय, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचा कोच त्याच्याकडून आज फक्त ट्रिगर करून घेत असेल, खांद्याचं पुढच्या महिन्यात.

वडीलमंडळींना हात जोडून विनंती. पोरगं लाइनवर असताना मागून "श्वास रोक! श्वास रोक!" करू नका. आमच्याकडे एका बापाला हवालदारकाकांनी स्वतः पिस्तूल धरायला लावलं आणि मागून तेच ओरडले. तेव्हापासून ते गृहस्थ बाहेर निंबाखाली पेपर वाचतात, आणि पोराचे गुण वाढले.

पोरींना शिकवताना पवित्रा सुधारायचा म्हणून सरळ खांदा-कंबर धरायची सवय काही ज्येष्ठांना असते. मन साफ असेल, तरी नाही. तोंडानं सांगा, स्वतः उभं राहून दाखवा, लागलंच तर "हाताला हात लावू का?" विचारा. पोरींनो, कोणी न विचारता हात लावला तर "स्टॉप" म्हणा. तो शब्द इथे सगळ्यांना ऐकायची सवय आहे.

फोटो आणि रील. बंदूक कॅमेऱ्याकडे रोखून फोटो नाही, फ्लॅग घातलेला असला तरी नाही. कोण्या नेत्याच्या वाढदिवसाला साहेब येतात, गॉगल लावून पिस्तूल धरतात, कार्यकर्ते समोरून मोबाईल काढतात. अशा वेळी समोर उभं राहू नका आणि हवालदारकाकांच्या चेहऱ्याकडे पाहत राहा. एकदा त्यांनी साहेबांच्या हातातलं पिस्तूल ज्या नम्रतेनं काढून घेतलं, ते अजून आमच्या बोलण्यात असतं.

चहा-पोहे

सराव संपला की कोपऱ्यावरून तर्री-पोहे येतात. आधी हात धुवा, साबणानं, नखांतून. छर्रे शिशाचे आहेत. बोटं काळपट होतात ती उगीच नाहीत. शिसं पोटात गेलेलं अंगात साठत जातं, आणि वाढत्या मुलांना ते सगळ्यात वाईट. छर्रे दातात धरायची सवय, जशी शिंपी टाचणी धरतो तशी, दिसली तर तिथेच टोका. ही एक गोष्ट न विचारता सांगायला हरकत नाही. लाइनवर खाणं नाही, खर्रा तर नाहीच नाही.

पोह्यांवरच खरी ओळख होते. पुढच्या स्पर्धांची माहितीही इथेच मिळते: जिल्हा, राज्य, मग मावळंकर. ते नाव लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचं. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली त्यात त्यांचा पुढाकार होता. आमच्या पोट्ट्यांना वाटतं ते कोणी मोठे नेमबाज असतील.

दसऱ्याला

दसऱ्याला रेंजवर शस्त्रपूजा असते, नव्या माणसांनी जरूर यावं. बंदुका टेबलावर ओळीनं, सगळ्यांच्या खाचा उघड्या, सगळ्यांत नारिंगी तारा. झेंडूची माळ टेबलाला, बंदुकीला नाही. हळदकुंकू लाकडी ग्रिपवर बोटभर. पहिल्या वर्षी कोणीतरी भक्तिभावानं अक्षता उधळल्या आणि दोन तांदूळ एका रायफलीच्या उघड्या खाचेत गेले. मेडिकलवाल्यांनी चिमट्यानं एक काढला. दुसरा चार दिवसांनी सापडला. तेव्हापासून अक्षता फक्त ताटात असतात.

पूजा झाली की सोनं वाटून लोक घरोघरी जातात आणि आवरायला दोघं-तिघं उरतात. त्यांच्यात थांबा. बंदुकांचे हवेचे सिलिंडर काढून वेगळे ठेवायचे, हवा कमी झालेल्यांना चिठ्ठी लावायची, ट्रॅपमधलं शिसं डब्यात भरायचं, खाली पडलेले छर्रे झाडून घ्यायचे, कारण त्यावरून पाय सटकतो. मग बंदुका एकेक करून कपाटात. मागच्या वर्षी मी कपाटाशी उभा होतो आणि नवा पोरगा एकेक आणून देत होता. दर वेळी देण्याआधी तो खाच उघडून मला दाखवत होता, मी न सांगता. हवालदारकाका दारात चप्पल घालत होते. त्यांनी एकदा पाहिलं, कपाटाची किल्ली त्याच्याकडे टाकली आणि म्हणाले, "दोन्ही कुलपं पाहून घेजो गा."